अमरसिंह नालबंद आणि पवळीचे पाय

अमरसिंहअण्णांशी माझं भांडण झालं नाही असा आठवडा मला आठवत नाही. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत, आणि त्या भिंतीला लागून त्यांच्या घोडीची पागा. पोस्टात तीस वर्षं शिक्के मारून मी निवृत्त झाले ती जरा शांतता मिळावी म्हणून. तर रोज सकाळी साडेपाचला पलीकडे ऐरणीवर ठणठण सुरू. मी भिंतीवरून ओरडायची, ते भिंतीवरून उत्तर द्यायचे आणि मग त्यांची बायको महालक्ष्मी मला कॉफी आणून द्यायची. आमचं असंच चाललं होतं.

अण्णांचं वय सदुसष्ट. बत्तीस वर्षं ते सरकारी बस डेपोत फिटर होते, पण कोणी विचारलं की सांगायचे, "मी नालबंद." वडील सीतारामराव नालबंद होते, आजोबाही नालबंद. आता शहरात आणि आसपासच्या गावांत मिळून अकरा घोडे उरलेत. काही लग्नाच्या वरातीचे, काही देवळाच्या मिरवणुकीचे, एखाददुसरा हौसेचा. त्या अकरांचे चव्वेचाळीस खूर अण्णांना तोंडपाठ. गल्लीबाहेरच्या माणसांशी ते तमिळ बोलतात, आमच्याशी आणि घोड्यांशी आपली तंजावुरी मराठी. घोड्यांना तमिळ समजत नाही असं त्यांचं ठाम मत आहे. मी एकदा म्हटलं, की तो वल्लम गावचा घोडा तमिळ घरातच जन्मला आहे. तर म्हणाले, "म्हणूनच तो ऐकत नाही." अशा माणसाशी काय वाद घालणार?

त्यांची स्वतःची घोडी म्हणजे पवळी. तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, स्वभावाने माझ्यापेक्षा गरीब. आमच्या गल्लीच्या टोकाला देवीचं लहानसं देऊळ आहे. दसऱ्याला देवीची मिरवणूक निघते आणि सगळ्यांच्या पुढे पवळी चालते. नऊ वर्षं तिची ती जागा. गेल्या वर्षी उन्हाळा संपता संपता पवळी लंगडायला लागली.

अण्णांनी नाल बदलला. मग जाड नाल ठोकला. मग नाल आणि खूर यांच्यामध्ये चामड्याची गादी घातली. पवळी लंगडतच होती. पुढचे पाय टाकताना आधी टोक टेकवायची, टाच अलगद, जशी मी गुडघेदुखीत जिने उतरते.

अण्णांची मुलगी रम्या जनावरांची डॉक्टर. शिकली ओरत्तनाडूला, नोकरीही तिकडच्याच एका गावात. दर रविवारी स्कूटरवर घरी येते. आली, पवळीचा पाय मांडीवर घेऊन बराच वेळ दाबून पाहिला, आणि म्हणाली, "अप्पा, हिचे नाल काढा."

"काढून?"

"काढून काहीं नाहीं. तसेंच ठेवा."

अण्णांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "काय सांगूंलालीस तूं? बत्तीस वर्षं डेपोंत होतों मी. टायर काढून रिमवर बस चालवूंलालेत म्हणून कुठें बघिटलीस?"

"टायर वाढतो का, अप्पा? खूर वाढतो. झिजतो तेवढा परत येतो."

मग तिने मला बोलावून दाखवलं. खुराच्या तळाशी मध्ये एक मऊ, तिकोनी गादी असते. पाऊल टेकलं की ती दबते, पाय उचलला की फुगते, आणि त्यानेच पायातलं रक्त वर चढतं. पवळीची गादी नालामुळे वर्षानुवर्षं जमिनीला नीट टेकलीच नव्हती. वाळलेल्या कैरीच्या फोडीसारखी आकसली होती, आणि टाचा दोन्हीकडून आत ओढल्या गेल्या होत्या. मला पटलं. पण मला पटून उपयोग काय?

चार रविवार हा वाद चालला. रम्या फोनवर परदेशातले बिननालांचे घोडे दाखवायची. अण्णा म्हणायचे, त्यांना सांग, मेच्या उन्हात आमच्या डांबरावर चालून दाखवा. चौथ्या रविवारी रम्या रडत स्कूटरवर बसली. "तुमच्या हट्टापायीं ती मरेल," असं म्हणून गेली. अण्णा दिवसभर पागेत बसून राहिले, जेवायलाही आले नाहीत.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी उठले आणि देवळात जाऊन वैद्यनाथ गुरुक्कळांना गाठलं. हे आमच्या देवीचे पुजारी, ऐंशीच्या घरातले, सगळ्यांना लहानपणापासून ओळखणारे. मी म्हटलं, "यंदा मिरवणुकीआधी घोडीला आत प्राकारात, गाभाऱ्याभोवतीच्या अंगणात, आणून आरती दाखवायची का?" ते म्हणाले, चांगलं आहे की. मग मी म्हटलं, "पण तिच्या पायांत लोखंड आहे. माणसं चपला बाहेर काढतात..." गुरुक्कळांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. म्हातारे बेरकी आहेत, सगळं उमगलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत अण्णांच्या दारात आले आणि तमिळमध्ये एवढंच म्हणाले, "अमरसिंह, यंदा घोडी आईच्या प्राकारात येणार. पादत्राण बाहेर."

चार रविवार डॉक्टर मुलीला जे जमलं नाही ते या दोन वाक्यांनी झालं. अण्णांनी हात जोडले. संध्याकाळच्या आत पवळीचे चारही नाल निघाले. माझ्या पोटात आनंद मावेना, पण मी तोंड मिटून ठेवलं.

आनंद चार दिवसांत उतरला. पवळी आणखीच लंगडू लागली. खडीचा एक तुकडा पायाखाली आला की अंग चोरायची, आणि मला रात्री झोप लागेना, की हे मी काय करून बसले. रम्या म्हणाली, असं होतं, थांबायला हवं. पण तिचा आवाजही जरा बारीक झाला होता.

धीर सुटला नाही तो अण्णांचा. ज्या गोष्टीवर विश्वास नाही ती करायची तरी मन लावून करायची, असा त्यांचा खाक्या. रोज पहाटे ते पवळीला शहराबाहेर कालव्याच्या काठाने न्यायचे, ओल्या मातीतून. आधी पाव तास, मग अर्धा. दर आठव्या दिवशी कानस घेऊन खुराची कड गोल करायचे, म्हणजे फुटायची नाही. त्या काळात त्यांना पाहायला मला आवडायचं. खूर हातात घेऊन ते असे बघायचे जसं आम्ही पोस्टात पुसट पत्ता बघायचो. कधी तासायचे, कधी नुसतंच अंगठ्याने चाचपून सोडून द्यायचे. रम्याने एकदा मला हळूच सांगितलं, "काकू, इतका समतोल खूर मला नाहीं जमायचा."

दीड महिन्याने पवळी टाच आधी टेकायला लागली. भाद्रपद सरला तेव्हा ती कालव्यावरून परत येताना गल्लीतल्या दगडांवर ताठ चालत आली. गादी भरली होती, टाचा उघडल्या होत्या. रम्याने अण्णांना मिठी मारली, महालक्ष्मीने शिऱ्यासारखी गोड केसरी केली, मी दोनदा घेतली.

अण्णा मात्र बोलेनासे झाले. मला वाटलं, थकले असतील. एक दिवस भिंतीवरून मी विचारलं, "अण्णा, घोडी बरी झाली, मग तोंड कां असं?"

ते म्हणाले, "भागीरथी, पन्नास वर्षं मी खिळे ठोकिले. ही बरी झाली ती मी ठोकणें सोडिल्यावर. मग मी काय करीत होतों?"

मला फार वाईट वाटलं, आणि गुरुक्कळांकडे मीच गेले होते हे आठवून आणखी वाईट वाटलं.

मग खंडेनवमी आली. आमच्यात त्या दिवशी हत्यारांची पूजा. ज्याचं ज्यावर पोट, ते देवापुढे मांडायचं, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मी माझा जुना मनीऑर्डरचा शिक्का मांडते, रम्या इंजेक्शनची पेटी मांडते. पूजा अण्णांच्या ओसरीवर असते. ऐरणीला झेंडूची माळ घातली होती, पाटावर सुऱ्या, कानशी, पकडी ओळीने ठेवल्या होत्या. नारळ माझ्या हातात होता. मी बघते तर हातोडा नाही. आजोबांच्या वेळचा तो लहान, बाकदार हातोडा आणि खिळ्यांचा डबा दोन्ही नाहीत.

महालक्ष्मीने खुणेने सांगितलं, की आतल्या खोलीतल्या पेटीत आहेत. अण्णांनी ते बाहेर काढलेच नाहीत.

रम्याने ते पाहिलं. तिचा चेहरा पडला. वादात बापाला हरवायचं होतं तिला, बापाला मोडायचं नव्हतं. ती काही बोलणार तेवढ्यात दारात टापा वाजल्या, अडखळत, कशाबशा.

हरिप्रसाद आला होता. याचा पांढरा घोडा लग्नांच्या वरातींना जातो, गावागावांतून रोज आठ-दहा कोस डांबरावर. पवळीची गोष्ट ऐकून या शहाण्याने स्वतःच पकडीने नाल उपटून काढले होते, आणि लगेच घोडा कामाला लावला होता. खुरांच्या कडांचे टवके उडालेले, तळवे झिजून गुलाबी झालेले. घोडा पाय टेकेना. मला इतका राग आला की नारळ त्याच्याच डोक्यात घालावा.

"अण्णा, नाल काढिले कीं बरें होतें म्हणून सगळे सांगूंलाले होते..." हरिप्रसाद रडवेला झाला होता. काढलेले जुने नाल पिशवीत घेऊन आला होता, ते अण्णांनीच घडवलेले.

रम्या घोड्याजवळ बसली. चारही पाय पाहिले. उठली आणि स्पष्ट म्हणाली, "अप्पा, ह्याला नाल पाहिजे. आत्तांच."

अण्णांनी पाटाकडे बोट दाखवलं. "हत्यारें पूजेंत आहेत."

"हातोडा पूजेंत नाहीं," रम्या म्हणाली. "मी बघिटलें."

अण्णा जमिनीकडे बघत म्हणाले, "तुला तर नाल नक्कोत."

"मला पवळीला नक्को होते. सगळ्या घोड्यांना नक्को म्हणून मी कधीं सांगिटलें?" मग खालच्या आवाजात, "सांगिटलेंही असेल. रागांत. चूक झाली, अप्पा. ह्याचा खूर इतका झिजलाय कीं खिळा बसवायला जेमतेम जागा आहे. मला जमणार नाहीं. तंजावुरांत हें कोणालाच जमणार नाहीं, तुम्हांला सोडून."

ती स्वतः आत गेली आणि पेटीतून हातोडा आणि डबा घेऊन आली.

तासायला काही उरलंच नव्हतं, त्यामुळे सुरी लागलीच नाही. कानस रम्याच्या स्कूटरच्या डिक्कीत होती. अण्णांनी पायरीवर नाल ठोकून जरा उघडला, घोड्याच्या कानाशी काहीतरी मराठीत बोलले, त्याचा पाय मांडीत घेतला आणि मग आमच्याकडे वळून म्हणाले, "आतां कोणी बोलूं नका. भागीरथी, तूं तर मुळींच नक्को."

खिळा खुरात जाताना आवाज बदलतो, हे मला साठाव्या वर्षी, एका भिंतीच्या अंतरावर आयुष्य काढून, त्या दिवशी कळलं. आधी बोदा येतो. मग कठीण भागात शिरला की खणखणीत. बोदाच राहिला तर खिळा जिवंत मांसाकडे चालला आहे, लगेच ओढून काढायचा. केसाइतक्या जागेचा खेळ. अण्णा एकेक ठोका देत, थांबत, ऐकत. दोन खिळे त्यांनी मधूनच काढले आणि पुन्हा तिरके घातले. घोड्याने एकदाही पाय ओढला नाही. रम्या दिवा धरतात तसा दोन्ही हातांनी खिळ्यांचा डबा धरून उभी होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही वाहत होतं, लपवायचं कारण नाही.

चार पायांना दीड तास लागला. घोडा अंगणात चालला. आधी भीत भीत, मग सरळ. हरिप्रसादला अण्णांनी बजावलं, की आठ दिवस मऊ मातीत ठेव, वरात नाही, काही नाही, आणि पुन्हा पकडीला हात लावलास तर तुलाच नाल ठोकीन. हरिप्रसादने दोन्ही कान धरले.

तो गेल्यावर अण्णा हातोडा हातात धरून ओसरीवर उभे राहिले. घामाने सदरा भिजला होता. "पवळीचा खूर मी बघिटलाच नाहीं गं," रम्याला म्हणाले. "नऊ वर्षं. माझ्या बाबांनीं तिच्या आईला ठोकिले म्हणून हिलाही ठोकिले. आज ह्याचा बघून ठोकिला."

"मग आतां सगळ्यांचे बघूं," रम्या म्हणाली. "अकराही. दर रविवारीं, मी आणि तुम्ही."

"सेरि," अण्णा म्हणाले. म्हणजे 'बरं'. एवढंच. पण त्यांचा तो 'सेरि' ऐकून महालक्ष्मीने पदर डोळ्यांना लावला.

मग त्यांनी हातोडा पंच्याने पुसला आणि पाटावर कानशींच्या मधोमध ठेवला. हळदकुंकवाची कोयरी रम्यापुढे केली. "तूं लाव."

तिने लावलं. मी नारळ फोडला, कारण मुहूर्त कधीच टळून गेला होता आणि मला भूक लागली होती.