सुनावणीची मेंदी

"हे जरा झाकून घ्या ना," साहेब म्हणाले.

हे म्हणजे आम्ही. जुन्या टायरच्या ढिगामागे उकिडव्या बसलेल्या सहा-सात बाया. सरकारी तपासणीची गाडी येणार म्हणून सुपरवायझरने सकाळीच आम्हाला तिथे नेऊन बसवलं होतं. "गाडी जाईस्तोवर हलायचं न्हाई. तुमचे अवतार बघितले तर सायेब कुलूप ठोकतील, मंग खावा माती," असं वर बजावलं होतं. आम्ही बसलो. ऊन चढलं. टायर तापले की जो वास सुटतो तो घशात उतरत होता. मला खोकल्याची उबळ येत होती. मी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

साहेब फोनवर बोलत बोलत ढिगाच्या कडेला आले. वळले, आणि आम्ही दिसलो. मला वाटलं, झालं, आता हा माणूस विचारणार. इथे का बसलात, तोंडाला फडकं का नाही, खोकला कधीपासून आहे. उत्तर द्यायला मी तोंडातला पदर काढलासुद्धा. साहेबांनी फोन कानापासून जरा बाजूला धरला, मागून पळत आलेल्या सुपरवायझरला ते एक वाक्य सांगितलं आणि परत फोनवर बोलायला लागले.

सुपरवायझरने टेम्पोवरची ताडपत्री आणली आणि आमच्यावर ओढली. माणसांवर. खाली गच्च वाफ. शालन माझ्या शेजारी होती. शालन माझ्याच वस्तीवरची, आमची दारं समोरासमोर. ती कुजबुजली, "गप ऱ्हा बाई, हजेरी बुडंल." मी गप्प राहिले. मला राग आला नाही. लवकर संपावं आणि पाणी प्यायला मिळावं, एवढंच वाटत होतं. एवढी थकून गेले होते.

कारखाना आमच्या गावाच्या शिवारात आहे. नागापूरची एमआयडीसी मागे टाकायची, मोठा रस्ता सोडायचा, की धुराडं दिसतं. ट्रक भरून जुने टायर येतात. मोठ्या लोखंडी पिंपात टायर घालायचे, खालून कोळसा पेटवायचा. टायर वितळतात, त्यांचं काळं तेल निघतं. ते तेल दुसरीकडे भट्ट्यांत जाळायला जातं. म्हणजे इथे एकदा धूर, तिकडे परत धूर. तेल निघालं की पिंपात राहते तार आणि काळी भुकटी. तार ओढून काढायची, भुकटी घमेल्याने गोणीत भरायची, हे आमचं काम. भुकटी मैद्याहून बारीक. निम्मी गोणीत जाते, निम्मी अंगावर येते.

ती साबणाने निघत नाही. घरी गेल्यावर आधी गोडं तेल चोळायचं, मग ज्वारीचं पीठ, मग साबण. एवढं करून चेहरा माणसात येतो. हात येत नाहीत. तळहाताच्या रेघा, नखांच्या कडा, बोटांच्या पेरांच्या घड्या काळ्याच राहतात. त्या हातांनी भाकरी थापायची. नातेवाइकांच्या लग्नात गेलं तर हात पदराखाली. वाढायला उठलं की बायका म्हणायच्या, "बसा हो तुमी, आमी वाढतो." प्रेमाने म्हणत नव्हत्या, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही.

गावातल्या बागायतदारांनी कारखान्याविरुद्ध समिती काढली होती. कांद्याच्या पातीवर काळा थर, विहिरीच्या पाण्यावर तवंग, लहान पोरांना दमा. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. आमच्या वस्तीवरच्या पोरांनाही तोच दमा. पण समितीचा मोर्चा वस्तीवरून निघाला की कोणीतरी म्हणायचंच, "ह्याच त्या कंपनीच्या बाया." जसं काही धुराडं आम्हीच डोक्यावर घेऊन गावात आणलं. समितीचे पुढारी अण्णा. कांदा लावायला आणि काढायला त्यांच्याच मळ्यात आम्ही जायचो. मधल्या महिन्यांत आम्ही काय खातो, हे अण्णांनी कधी विचारलं नाही. कारखान्यात बारा महिने काम होतं, म्हणून आम्ही तिथे गेलो. हौस नव्हती.

मग मालकाला असल्याच पिंपाची आणखी एक भट्टी टाकायची होती. त्यासाठी जनसुनावणी लागली. सरकारी साहेब येणार, गावाचं म्हणणं ऐकणार, सगळ्याचं शूटिंग होणार.

आदल्या दिवशी दुपारच्या सुट्टीत सुपरवायझर एक खोका घेऊन शेडमध्ये आला. आम्हाला वाटलं साबण असतील. खोक्यात मेंदीचे कोन होते.

"आज सुट्टी. सगळ्यांनी मेंदी काढायची, गच्च भरून, मनगटापर्यंत," तो म्हणाला. "उद्या सुनावणीला कंपनीच्या बाजूनं हात वर करायचेत. ते काळे हात कॅमेऱ्यात दिसता कामा न्हाईत. उद्याची हजेरी लागंल."

डोकं कोणाचं होतं कोण जाणे, पण चाललं होतं मात्र बरोबर. मेंदीच्या नक्षीत काळ्या रेघा कुठच्या कुठे जातात. बाया हसायला लागल्या. हसतील नाही तर काय करतील? कारखान्यात कधी कोणी आम्हाला बसून हात रंगवा म्हटलं नव्हतं. गोण्यांवर बसून एकमेकींचे हात धरून नक्षी सुरू झाली. कोणीतरी लग्नातलं गाणं म्हणायला लागली. शालनने माझा हात ओढून मांडीवर घेतला आणि कोनाचं टोक कापलं.

"ए, तिला कशाला?" सुपरवायझर तिकडून ओरडला. "तिला मेंदी चालती व्हय? नवरा जाऊन बसलाय तिचा. आन् तसले हात घिऊन सायबाम्होरं बसवू का? तू ऱ्हा घरी उद्या. तुझी हजेरी न्हाई."

गाणं थांबलं. शालनने माझा हात सोडला. एकदम टाकला नाही, हळूच गोणीवर ठेवला. आमच्यात विधवा बाई मेंदी लावत नाही, हे खरं आहे. नवरा गेल्यापासून मी लावली नव्हती आणि मला हौसही नव्हती. पण ती रीत माझ्या घरची, माझ्या दुःखाची. या माणसाने ती उचलून कारखान्याच्या कामाला लावली. ज्या हातांनी त्याच्या गोण्या भरल्या ते हात लपवता येत नाहीत, म्हणून हातवालीच नको.

संध्याकाळी घरी आले. सवयीने वाटीत तेल घेतलं, पीठ काढून ठेवलं. चोळायला लागले. डाव्या हाताचा अंगठा झाला, पहिलं बोट झालं, आणि मी थांबले. हे मी कोणासाठी धुतेय? रोज ढोरासारखं राबायचं आणि रोज त्याच्या पापाच्या खुणा माझ्याच तेलाने, माझ्याच पिठाने पुसायच्या. म्हणजे मी रोजच ताडपत्री ओढून घेत होते की. तेव्हा राग आला. खूप उशिरा आला, पण असा आला की वाटी भिंतीवर भिरकावली. पीठ परत डब्यात टाकलं. हात तसेच ठेवून भाकरी केली आणि खाल्ली.

सुनावणी रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात होती. स्टेजवर मागच्या लग्नाचा थर्माकोलचा मोर तसाच, त्याच्यापुढे साहेबांची टेबलं. खुर्च्यांना पांढरे झगे. डावीकडे गाव आणि समिती. उजवीकडे आमच्या बाया, नव्या साड्या, मांडीवर रंगलेले हात. मी आत शिरले तशी शालनने मान खाली घातली. डावीकडे बसायला गेले तर समितीचा एकजण म्हणाला, "कंपनीच्या बाया तिकडं बसत्यात." मग मी मधल्या वाटेत उभी राहिले. पाय दुखत होते, तरी उभीच.

अण्णा बोलले. चांगलं बोलले. कांदा, विहिरी, पुढची पिढी. मालकाचा माणूस बोलला. रोजगार, विकास, महिलांचं सक्षमीकरण. "आमच्या महिला कामगार किती आनंदात आहेत, आपण बघताच आहात," असं म्हणत त्याने उजवीकडे हात केला. तेव्हा मी माईककडे निघाले. सुपरवायझर आडवा आला. मी हात पुढे केले. त्याचा शर्ट पांढरा होता. तो बाजूला झाला.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "नाव सांगा. समर्थनात की विरोधात?"

मी नाव सांगितलं. बापाचंही, नवऱ्याचंही, सगळं. आणि मान वर करून बघितलं तर टेबलामागे दुसऱ्या खुर्चीत तेच साहेब. फोनवाले.

मी दोन्ही हात उघडून कॅमेऱ्यापुढे धरले. म्हणाले, "हे त्या भुकटीचे हात हायेत. साबनानं निघत न्हाई, तेलानं न्हाई, पिठानं न्हाई. वरून दिसतंय ते हे. श्वास बी आमी तिथलाच घेतो. मंग छातीत काय साचलं आसंल? कोनी तपासलं? त्या बायांच्या हातावर काल कंपनीनं मेंदी काढाय लावलीय, हेच झाकायला. मला मेंदी चालत न्हाई, म्हनून मी अशी आले."

हॉलमध्ये गलका झाला. मोठे साहेब म्हणाले, "बाई, मुद्द्याचं बोला."

"मुद्दाच हाय. गेल्या तपासनीला आमी टायरमागं बसलो हुतो. ह्या दोन नंबरच्या सायबांनी बघितलं आमाला. आमाला झाकून घ्या म्हनले. इचारा त्यांना."

दोन नंबरच्या साहेबांनी समोरचे कागद सरळ केले. सरळच होते ते. माझ्याकडे काही बघितलं नाही. डावीकडून टाळ्या, शिट्ट्या. उजवीकडून सुपरवायझरने खूण केली आणि सगळ्या बायांचे हात वर गेले. रंगलेले, सुंदर हात. शालनचाही गेला. ती रडत होती, पण हात वर होता. मला तिचा राग आला नाही. तिच्या घरात तिची हजेरी सोडून काही येत नाही.

खुर्च्यांची फेकाफेक झाली, सुनावणी तहकूब झाली. परत होणार आहे.

माझं काम गेलं. ते जाणारच होतं. शालन महिनाभर बोलली नाही. मग एकदा पाणी भरताना म्हणाली, "तुझं बरुबर हुतं. पन कंपनी बंद पडली तर तू आमचं पोट मारलंस." दोन्ही खरं होतं. मी तिची घागर उचलून दिली. तिने घेतली.

मग एके दिवशी अण्णा आले. समितीची माणसं घेऊन, शाल आणि नारळ घेऊन, फोटोवाला घेऊन. आजवर मला "ए बाई" म्हणणारा माणूस "ताई" म्हणाला. दारातच उभे राहिले. मी चहा ठेवू का विचारलं तर म्हणाले, "न्हाई न्हाई, आत्ताच झाला." आमच्या वस्तीवर येणाऱ्या बागायतदारांचा चहा नेहमी आत्ताच झालेला असतो.

"म्होरल्या सुनावनीला तुमी आमच्यात बसायचं," अण्णा म्हणाले. "फक्त एक करा. कारखाना बंद करा, एवढंच बोला. कामगारांचं, दवाखान्याचं मधी आनू नका. मुद्याला फाटे फुटत्यात."

मी विचारलं, "अण्णा, कारखाना बंद झाल्यावर ह्या बायांना बारा म्हैनं काम देनार का? तुमची शेतं हायेत की."

अण्णा हसले. "बघू की. आधी बंद तर हुं द्या."

फोटोवाल्याने मला हात वर धरायला सांगितलं. सुनावणीतल्यासारखे, म्हणाला. मी हात पदराआड घेतले. शाल घडी करून अण्णांच्या हातात दिली. नारळही दिला. "ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले. ते गेले. जाताना कोणीतरी म्हणालं, "हिला लई चढली." चढू दे.

मी दमले आहे, खोटं कशाला सांगू. छाती वाजते. हात आता जरा उजळ झालेत, काम नाही ना. पुढच्या सुनावणीला मी जाणार आहे. कोणाच्या बाजूच्या खुर्चीवर बसायला नाही. धुराडं बंद करा, हे पहिलं सांगणार. त्याखाली राबलेल्या एकेका बाईची छाती तपासा, खर्च मालकाकडून घ्या, आणि त्यांना काम कोण देणार ते अण्णांनी गावासमोर बोलावं, हे त्याच दमात सांगणार. मालक चिडेल. अण्णा चिडतील. शालन परत बोलायची बंद होईल. तरी सांगणार. माईक काढून घेतला तर माईकशिवाय सांगणार, आणि खोकला आला तर खोकून घेऊन पुढचं वाक्य बोलणार.