विहिरीचा कठडा आणि समुद्राची पट्टी

तर दोर विहिरीत सोडला, इथवर काल आलो होतो. सोडला बलभीमानं. येळवशीला, म्हणजे रानात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावस्येला, खोपीतली पूजा झाली, आंबिलाचं बिंदगं, म्हणजे मडकं, डोक्यावरून उतरलं, की आधी विहिरीत दोर सोडायचा आन् मगच जेवायचं, ही त्या घराची रीत. कठड्यापासून पाणी किती हातांवर लागतं, त्यावर उन्हाळी भुईमूग ठरायचा.

बलभीमाची थोरली, हर्षाली, तोंड पाडून बसलेली. नळदुर्गाजवळच्या रानात वाढलेली पोर पुण्यात बसून समुद्र मोजते. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरी लागल्यावर. त्या दिवशी एक चप्पल लाटेनं नेली. उपग्रह वरून लहर सोडतो, ती पाण्याला आपटून माघारी येते, लागलेल्या वेळावरून पाणी किती चढलं ते कळतं. हे ऐकल्यापासून चुलती धुरपताबाई दर सणाला म्हणायची, "आमच्यावरून जाताना पाऊस कुठं अडकला तेवढं बघ म्हणावं त्याला."

एरवी हर्षाली हसली असती. पण तिचा अहवाल साहेबांनी कधीचा अडवून ठेवला होता. कोकणातल्या एका बंदराच्या धक्क्याला पट्टी ठोकलेली आहे. पट्टी म्हणते, समुद्र भरपूर चढला. उपग्रह म्हणतो, त्याच्या निम्मा. किनाऱ्यापाशी उपग्रह चुकतो, असं साहेबांचं म्हणणं. चुकतो कधीकधी, म्हणून तिनं सगळं पुन्हा तपासलं. आकडा तोच. तरी साहेबांचा हट्ट एकच, पट्टीशी जुळवून आण, मग सही करतो. म्हणजे खरं मोजलेलं आपल्याच हातानं खोडायचं.

बलभीमानं ओला दोर हातानं मोजला आन् मटकन खाली बसला. "हातभर पाणी गेलं की. यंदा भुईमूग न्हाय."

"आप्पा, वासरू पडलं म्हणून दिवाळीत कठडा वाढवला ना तुम्ही?"

"व्हय. हातभर."

"मग पाणी कुठं गेलं? कठडा वर आला."

"आजोबापासून दोर कठड्यावरूनच सोडतेत."

"दोर खोटं बोलत न्हाय गं," धुरपताबाईनं आंबील ओतता ओतता निकाल दिला.

हर्षालीनं पत्रावळ बाजूला सारली. "पुण्यातही हेच, इथंही हेच. तिथं धक्का खचतोय, काकू. पट्टी त्याच्याबरोबर खाली चाललीय, म्हणून समुद्र दुप्पट चढल्यागत दिसतो. उपग्रह काय धक्क्यावर उभा न्हाय."

बलभीम उठला, नव्या सिमेंटखालचा जुना दगड चाचपला, तिथून दोर पुन्हा धरून बघितला. पाणी गेल्या येळवशीला होतं तिथंच. गडी एकदम खुलला, आंबिलाचा पेला एका घोटात संपवला.

"लई सोपं हाय की हे, हर्षे. असंच सांग तुझ्या साहेबाला. शिकलेला माणूस, लगेच कळंल."

"सांगितलं, आप्पा. ते म्हणाले, धक्का सरकारी आहे, तो खचत नसतो."