सलीमची गाणी माझ्या नावावर होती

सलीमवर मी जळायचो. तो जाऊन आज वर्ष झालं. अजून जळतोच.

मूर्तिजापूरला स्टेशन रोडवर त्याचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान. मी अकोल्यात पेपरच्या डेस्कवर. दोस्ती कॉलेजपासूनची.

त्यानं पहिला स्मार्टफोन घेतला तेव्हा गाण्यांचं ॲप मीच टाकून दिलं. नवीन अकाउंट उघडायचा दोघांनाही कंटाळा. माझाच लॉगिन दिला.

पण एका अकाउंटवर एका वेळी एकच फोन वाजतो.

दुपारी मी कानात गझल लावून कॉपी तपासत असायचो आणि मध्येच गाणं बंद. तिकडे सलीमनं काहीतरी लावलेलं असायचं.

"सल्या, माझं गाणं तोडलं तू."

"लाव बाप्पा, लाव. मी थांबतो पाच मिनिटं."

"काय लावलं होतं?"

"लग्नातलं."

"कोणाचं लग्न आहे?"

"कोनाचंच नाई. म्हनून तं लावलं."

मग बोंडअळीनं कपाशी खाल्ली ते वर्ष आलं. माझ्या टेबलावर रोज एकच बातमी, शेतकऱ्यानं जीव दिल्याची. गावाचं नाव बदलायचं, वय बदलायचं. मी शुद्धलेखन बघून पान सोडायचो.

डिसेंबरात ॲपनं दरवर्षीसारखा वर्षभराचा गोषवारा पाठवला.

'तुमचा मूड : उत्साही, नाचरा.'

मी आधी हसलो. मग बेचैन झालो. सवयीनं सगळा डेटा डाउनलोड केला, एक्सेलमध्ये टाकला. कोणतं गाणं कोणत्या फोनवर वाजलं, तेही त्यात असतं. शेजारी ऑफिसची डायरी ठेवली आणि एकेक तारीख जुळवत बसलो.

माझ्या फोनवर त्याच चार गझला. बातम्या वाईट असतील त्या दिवशी तेवढ्याही नाहीत.

सलीमच्या फोनवर कव्वाल्या, भजनं, भीमगीतं, लावण्या, लग्नाची गाणी, जुनी हिंदी. आणि सगळ्यात जास्त कधी? बोंडं फोडली की आत अळी निघत होती, त्या महिन्यांत.

त्या महिन्यांत त्याच्याकडे पंप येणं जवळपास बंद होतं. फवारून उपयोग नाही, हे लोकांना कळून चुकलं होतं. धंदा बसलेला माणूस दिवसभर कव्वाल्या ऐकतो, आणि महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा मी मुका?

ॲपला माझ्यात जो आनंद दिसला तो सगळा त्याचा होता. हे मला सहन झालं नाही.

मी पासवर्ड बदलला.

त्याला सांगितलं नाही. पुढचं वर्ष मला फक्त माझं पाहिजे होतं. निव्वळ माझं.

त्याचा एकदाच फोन आला.

"अबे, ते गानं चालून नाई राह्यलं."

"बघतो," म्हणालो.

बघितलं नाही. त्यानं परत विचारलं नाही. वर्षभरात दोन-तीनदा भेटलो, चहा प्यायलो. तो विषय त्यानंही काढला नाही, मीही नाही.

पुढच्या डिसेंबरात गोषवारा आला. 'तुमचा मूड : शांत.' डेटा एकदम स्वच्छ. चार गझला.

दोन महिन्यांनी सलीम गेला. दुकानातच, हार्ट अटॅक.

कब्रस्तानाबाहेर एक म्हातारे शेतकरी जवळ आले. इंगळेकाका. नाव नंतर कळलं, तोवर मी त्यांना ओळखत नव्हतो.

"पेपरवाले तुमीच काय? तुमच्या गान्यायनं लय आधार देल्ला बाप्पा आमाले."

"माझ्या गाण्यांनी?"

"सलीमभाई सांगे नं, हे सारे गाने माह्या दोस्ताचे हायेत म्हून. आमी जाओ, त्याच्या बाकावर बसो. पंप बी नसे संगं. घरी बसवे नाई, वावरात जावंसं वाटे नाई. तो काई इचारे नाई. फक्त म्हने, काका, काय लावू?"

काकांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"मंग बंद कावून केले जी गाने?"

मी उलट त्यांनाच विचारलं, "सलीम काय म्हणाला होता?"

"म्हने, दोस्ताच्या मांगं लय काम हाये. त्याले तरास नोका देऊ."

घरी येऊन ती फाईल परत उघडली. भजन कोणा एकाचं, भीमगीत दुसऱ्याचं, लावणी तिसऱ्याचीच. रांगेनं फर्माइशी होत्या त्या. मी ज्याला सलीमचा मूड समजून जळत होतो, तो सगळा बाकावरच्या माणसांचा मूड होता. ज्यांच्या गावांची नावं मी रोज पानात लावत होतो, ती माणसं.

मग सलीमचं स्वतःचं गाणं कोणतं? खूप शोधलं. डेटातून ते निघत नाही.

आता मी त्या बाकावर बसणाऱ्यांवर जळतो. त्यांना कुणीतरी विचारलं, काय लावू? आणि सलीमला मी, इतक्या वर्षांचा दोस्त, एकदाही विचारलं नाही.

मूर्तिजापूरकडचं कोणी हे वाचत असेल आणि दुकानात बाकी कोणी नसताना तो काय ऐकायचा हे माहीत असेल, तर खाली लिहा. चुकीचं असलं तरी चालेल.

सल्या, पासवर्ड मी बदलला होता. तुला ते कळलं होतं, हे मला माहीत आहे.

माफ कर दोस्ता. सलाम.