पाठ न दाखवणारा माणूस

या पृथ्वीच्या पाठीवर उलटं चालत सर्वांत जास्त अंतर कुणी कापलं असेल, असं मला विचारलंत, तर मी डोळे मिटून आमच्या स्कॉटिश कोचकडे बोट दाखवीन. स्कॉटलंडमधल्या लहानसहान क्लबांसाठी ते अठरा वर्षं बचावफळीत खेळले, आणि त्यातली निम्मी वर्षं तरी समोरून धावत येणाऱ्या माणसाकडे तोंड करून मागे मागे सरकण्यात गेली. ती चाल अंगात इतकी मुरली होती की जपानमध्ये, त्सुकुबातल्या आमच्या सुपरमार्केटमध्येही ते गप्पा मारत उलटे चालत आणि मागे रचलेली टोफूची पाकिटं न बघता अचूक चुकवत. आमच्या घरून निघतानासुद्धा तोंड आमच्याकडेच. हात मागे नेऊन दार उघडायचं आणि हसत हसत जिन्यात नाहीसं व्हायचं. "पाठ फिरवली की चेंडू गेला," एवढाच त्यावर खुलासा.

त्यांची कारकीर्द त्यांच्याच तोंडून ऐकावी. रविवारी दुपारी आमच्याकडे पोह्यांची तिसरी बशी हातात आली की ते खिडकीतून दिसणाऱ्या त्सुकुबा डोंगराकडे बघत सुरुवात करत, आणि बघता बघता आमच्या संशोधन संस्थेच्या क्वार्टर्सवर स्कॉटलंडचा पाऊस पडू लागे. धुक्यात समोरचा गोल दिसत नसे. प्रेक्षक दोनशे, त्यातले निम्मे घरी जायला निघालेले. अठरा वर्षांत त्यांच्या नावावर एकच गोल, तोही स्वतःच्या संघावर. पण त्याचं वर्णन करताना आवाज असा हळुवार होई, की जणू पहिल्या प्रेमाची आठवण. उंच उडी, कपाळाचा नेमका मध्य, आणि चेंडू जाळीच्या वरच्या कोपऱ्यात. "आमच्या गोलकीपरनंही टाळी वाजवली असती," ते म्हणत, "पण त्याचे दोन्ही हात डोक्याला होते." पुढे गुडघ्यानं दगा दिला म्हणून ते कोच झाले, तीन महिन्यांसाठी जपानला आले आणि परत जायचं विसरले.

आमच्या वस्तीतल्या मुलांच्या क्लबात ते शिकवत. मुलांना गोल मारायचे असत आणि हे त्यांना अडवायला शिकवत. "अडवायचं म्हणजे झडप घालायची नाही, उभं राहायचं," हे तत्त्वज्ञान सांगताना त्यांनी एकदा माझ्या बायकोला विचारलं की तुमच्याकडे याला काय म्हणतात. ती कांदा परतत होती. "थांब," ती म्हणाली. तो शब्द त्यांना फार आवडला. म्हणताना शेवटी तोंड आपोआप मिटतं, बचावपटूला आणखी काय हवं, असं त्यांचं मत. पुढच्याच रविवारी मैदानावर तीस जपानी पोरं एकमेकांना "थांब, थांब" करत होती. माझी मुलगी मुक्ताही त्यांत होती, पण राखीव खेळाडूंच्या बाकावर, लेमन टी पीत.

मग तो मोठा भूकंप झाला. मुक्ता तेव्हा आठ वर्षांची. ती शाळेत होती, आणि आम्हाला तिच्यापर्यंत पोचायला संध्याकाळ झाली. त्या दिवशी तिनं आईच्या स्वेटरची बाही जी धरली, ती सोडेचना. जेवताना बाही, दात घासताना बाही. झोपताना पायात बूट. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिनं जपानीत उत्तर द्यायचं अशी आमच्या घरची रीत होती. आता ती कुठल्याच भाषेत उत्तर देईना. ओळखीची कुटुंबं कुणी पुण्याला, कुणी कोबेला निघून गेली. क्लबात नऊ मुलं उरली. कोचना त्यांच्या बहिणीचे रोज फोन येत, परत ये म्हणून. ते म्हणत, "समोरचा अजून धावतोय. आत्ता मैदान कसं सोडू?" धक्के अजून बसतच होते.

मैदान पुन्हा उघडलं त्या रविवारी मायलेकी एका बाहीनं जोडलेल्या अशा आल्या. कोचनी तिचं सांत्वन वगैरे काही केलं नाही. सरळ काम दिलं. "मला त्या गोलपर्यंत जायचंय. तू मध्ये उभी राहा. जमिनीकडे बघायचं नाही, माझ्या पायांकडेही नाही. पाय खोटं बोलतात. माझ्या पोटाकडे बघ. पोटाला खोटं बोलता येत नाही." त्यांचं पोट बघायला सोपं होतं. पण अडवायला दोन्ही हात पसरावे लागतात, आणि हात पसरायचे तर बाही सोडावी लागते. मुक्तानं बराच वेळ विचार केला, आणि सोडली. थोड्या वेळानं गोलची जाळी आपोआप थरथरली. आम्ही सगळे मटकन खाली बसलो. उभे राहिले फक्त दोघं. ते डावीकडे झुकत होते आणि ती त्यांच्या पोटावर नजर रोखून डावीकडे सरकत होती.

त्यानंतर ते जातील तिथे ती मध्ये. सुपरमार्केटात ती त्यांच्या आणि चीजच्या मध्ये उभी राही, आणि महिनाभर कोचना चीज मिळालं नाही.

पण गेलेली मुलं परतली नाहीत. वर्षभरानं क्लब बंद करायचं ठरलं, आणि कोचना त्यांच्या गावाकडच्या मुलींच्या संघानं बोलावलं. हे त्यांनी पोहे खाताना सांगितलं. मुक्ता ऐकत होती. बायकोनं नकळत स्वतःची बाही चाचपली.

निरोपाला आम्ही स्टेशनवर गेलो. कोच तिकीट काढून वळले, तर गेटसमोर मुक्ता. गुडघे वाकलेले, हात पसरलेले, नजर पोटावर.

"थांब," ती म्हणाली. वर्षभरात आमच्या कानावर पडलेला तिचा पहिला मराठी शब्द.

त्यांनी बॅग खाली ठेवली. ते डावीकडे गेले, ती डावीकडे. उजवीकडे, तर उजवीकडे. लोक वाकून माफी मागत शेजारच्या गेटमधून जात होते. खालून एक गाडी गेली, मग दुसरी. स्टेशनचा माणूस चौकशीला आला आणि हात बांधून बघतच राहिला.

"मुक्ता, जाऊ दे गं त्यांना," बायको म्हणाली.

कोचनी तिला हातानंच थांबवलं. त्यांना घाम आला होता. "मी आयुष्यात कुणाला चकवून पुढे गेलो नाही," ते म्हणाले, "आज काय जाणार." मग त्यांनी खिशातून शिट्टी काढली आणि मुक्ताच्या हातात दिली. "मॅच कधी संपते ते तू ठरव."

ती शिट्टी तिनं किती वेळ मुठीत धरली होती, मला सांगता येणार नाही. तिसरी गाडीही गेली असावी. मग तिनं शिट्टी ओठांना लावली आणि इतकी हळू फुंकली की फुंकर घातल्यासारखी. ती ताठ उभी राहिली आणि सामना संपल्यावर करतात तसं कमरेत वाकली. तेही वाकले. मग गेटमधून उलटे आत गेले, सरकत्या जिन्यावर उलटेच उभे राहिले, आणि आमच्याकडे बघत बघत खाली उतरले. आधी बूट, मग ते पोट, सगळ्यांत शेवटी चेहरा. पाठ आम्हाला दिसलीच नाही.

घरी येताना मुक्ता आमच्या पुढे एकटीच चालत होती. हात मोकळे.

आता ती कोबेला शिकते. मी भेटायला गेलो की स्टेशनवर सोडायला येते, अखंड बडबडते, जपानीतच. पण गाडीची घोषणा झाली की बोलता बोलता माझ्या आणि रुळांच्या मध्ये येऊन उभी राहते. मी जरा पुढे सरकलो की तीही सरकते. तिची नजर माझ्या पोटावर असते. मी निमूट थांबतो.