परातीवरचं फेसाचं घरटं
ओल्या वाळ्याचा वास आला की जयपूरची, साठ सालाच्या आसपासची एक दुपार आठवते. कॉलेजातल्या माझ्या विद्यार्थ्यांना दाखवायला मी कोकणातून झाडबेडकाचं फेसाचं घरटं फांदीसकट आणून घरी वाळ्याच्या पडद्यामागे टांगलं होतं. पिल्लं गळून पाण्यात पडावीत म्हणून खाली कणीक मळायची परात, पाण्याने भरलेली. बाहेर लूच्या गरम झळा अशा, की पाली पायांना फडकी बांधून हिंडत होत्या. तेवढ्यात नळाचं पाणी गेलं, पडदा सुकला, फेस तडकू लागला. "अहो, आत पिल्लं भाजतील ना," म्हणत, परातीसाठी दोन दिवस माझ्याशी भांडणाऱ्या बायकोनेच प्यायच्या पाण्याचा माठ पडद्यावर रिता केला. आम्ही दोघं परातीशी बसून राहिलो. शेवटी टप्पकन पहिलं पिल्लू परातीत पडलं, आणि तो आवाज आमेरच्या किल्ल्यापर्यंत गेला. माझी एकेक थाप खोडणारी बायको हल्ली ही गोष्ट स्वतःच सांगते, आणि आवाज दिल्लीपर्यंत नेते.