जुन्याला जुनं करताना

जगातली माणसं आपल्या वस्तू नव्या दिसाव्यात म्हणून जिवाचं रान करतात. आमचे हे मात्र नवेकोरे बूट घेऊन त्यांना म्हातारं करत बसतात. याला अँटिक फिनिश म्हणतात म्हणे. मी रिकामटेकडेपणा म्हणते, पण या घरात माझं ऐकतो कोण?

सुरुवात झाली ती ऑफिसातल्या नव्या साहेबांमुळे. हे तिथे हेडक्लार्क. साहेबांचे तपकिरी बूट टोकाला आणि टाचेला काळपट दिसत होते. यांना वाटलं, बिचाऱ्यांच्या घरी बुटांकडे बघणारं कुणी नाही. पुढे पुढे करत म्हणाले, "साहेब, हे डाग मी काढून देऊ का?" साहेब म्हणाले, "अहो, त्या डागांचेच तर दुप्पट मोजलेत!"

घरी आले ते डोळे विस्फारून. "म्हातारपणाला एवढा भाव आहे, आपल्याला पत्ताच नव्हता."

"तर! आत जाऊन सासूबाईंना विचारा," मी म्हटलं. सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत.

पण यांनी मनावर घेतलं. रोज संध्याकाळी ओट्याखाली वर्तमानपत्र पसरायचं. कापसाच्या बोळ्यावर थिनर घेऊन कारखान्याची चकाकी पुसून टाकायची. मग बोटाला जुन्या बनियनची चिंधी गुंडाळून टोकाला, टाचेला, शिवणीच्या कडेला गडद रंग गोल गोल चोळायचा. गडद कुठे संपला आणि फिका कुठे सुरू झाला हे कळलं, तर हात कच्चा. त्यावर मेण, पाण्याचा एकेक थेंब आणि तासभर घासणं. इतक्या बारकाईने यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं होतं, मुलगी बघायला आले तेव्हा.

शेजारचे निवृत्त मास्तर साध्या पॉलिशसाठी बूट देऊन गेले. परत मिळाले ते असे खानदानी, की मास्तरांना त्या बुटांना शोभेलशी पँट शिवावी लागली आणि पँटला शोभेलसा कोट. मास्तरीणबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.

अशात बदलीची कुणकुण लागली. लांबच्या गोदामात एक माणूस पाठवायचा होता, एक तर हे, नाही तर साखऱ्या. साखऱ्या म्हणजे यांच्या शेजारच्या टेबलावरचा कारकून, साहेबांना शिंक आली तरी "वा!" म्हणणारा. हे गेले तर सासूबाईंना उचलून बसवणं, कूस बदलणं सगळं माझ्या एकटीवर येणार होतं, आणि माझी पाठ तर आधीच कामातून गेलेली. मला धडकी भरली होती, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात साहेबांचा ड्रायव्हर एक कापडी पिशवी घेऊन दारात आला. आत साहेबांच्या दिवंगत वडिलांचे बूट होते. रविवारी त्यांच्या संस्थेत त्यांच्या तसबिरीचं अनावरण होतं आणि साहेब तेच बूट घालून जाणार होते. यांच्या या नादाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. निरोप एवढाच होता, "जरा बघा."

यांना फक्त बघता येत असतं तर आणखी काय हवं होतं! बूट चाळीस वर्षांपूर्वीचे. टोक हाताळून हाताळून काळवंडलेलं, चवड्यावर वळ्या, एकावर पांढुरका डाग. मला तर ते तसेच छान वाटले. यांनी मात्र चष्मा सावरला आणि मान हलवली. "काही शिस्तच नाही. काळं कुठेही आलंय."

"अहो, पण हे मुळातच जुने आहेत ना?"

"आहेत. पण वाटत नाहीत."

कपाळाला हात लावून मी भाजी चिरायला घेतली. कापसाचे बोळे एकामागून एक काळे होत गेले. चाळीस वर्षं एका संध्याकाळीत कचऱ्याच्या डब्यात गेली. पांढरा डाग तेवढा चिवट निघाला. तो गेला तेव्हा हे असे खूश झाले, जणू गड जिंकला. मग दोन दिवस खपून यांनी त्या बुटांवर नवं म्हातारपण चढवलं. आणि खरं सांगायचं तर, काय दिसत होते ते बूट!

रविवारी आम्हीही गेलो. साहेबांनी भर सभेत यांचा हात धरला. "अगदी बाबांचे वाटतात आता!" साखऱ्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. मी मनातल्या मनात यांना शंभर गुन्हे माफ केले.

साहेबांच्या आई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. लेकाच्या पायांकडे बघत म्हणाल्या, "नवे घेतलेस का रे? चांगले आहेत."

"आई, बाबांचेच आहेत हे."

म्हातारी वाकली. चामड्यावरून बोट फिरवत राहिली. "मग डाग कुठे गेला? सात महिन्यांचा होतास. हे कामावर निघाले आणि तू बुटावर दूध ओकलास. मी फडकं आणलं तर मला हात लावू दिला नाही. म्हणाले, असू दे, माझ्या लेकाची पहिली सही आहे."

साहेब वाकून दोन्ही बूट बघू लागले. "मुंग्यांनी खाल्ला असेल," असं काहीतरी साखऱ्या पुटपुटला. यांनीही तसंच काही बोलून वेळ मारून न्यावी, म्हणून मी यांना कोपराने ढोसत होते. पण हे पुढे झाले.

"मी काढला, बाईसाहेब. घाण आहे असं वाटलं मला. चूक झाली."

संपलं, म्हटलं. आता गोदाम.

म्हातारीने मान वर करून यांच्याकडे पाहिलं. मग विचारलं, "परत करता येईल?"

दुसऱ्या दिवशी ती आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. साहेब दाराला टेकून उभे. हे खाली मांडी घालून, हातात थिनरचा बोळा. आधी माझ्या जुन्या चपलेवर तीन-चार डाग करून पाहिले, मग बूट उचलला.

"डाव्यावर," म्हातारी म्हणाली. यांचा हात जरासा थबकला. "बोटांच्या बाजूला. अजून वर. एवढा मोठा नाही हो, सात महिन्यांचं पोर ते!"

यांनी टिपलं, फुंकलं, मेण लावलं, पुन्हा टिपलं. तासाभराने तिने बूट मांडीवर घेतला. "हो. अस्साच होता," म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. उठताना लेकाला म्हणाली, "या माणसाला लांब कुठे धाडू नकोस रे." साहेबांनी मान डोलवली. मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं.

गाडी गेल्यावर हे वर्तमानपत्र गोळा करत म्हणाले, "डाग उजव्या बुटावर होता."

"अहो! मग सांगितलं का नाही?"

"तिला डाव्यावर आठवतो," हे म्हणाले. "एकदा पुसून झालाय माझा. पुन्हा कशाला पुसू?"

मी कचऱ्याचा डबा पुढे केला.