गारांच्या भीतीनं

विभूतीचा वास आला की डोंगरातल्या आमच्या तळ्याकाठची ती थंडीतली दुपार आठवते. निजामाच्या अमलातले दिवस होते. वडील आदल्या रात्री गेले होते. आमच्यातल्या रीतीप्रमाणं विभूती लावून त्यांना भिंतीशी बसवलं होतं, आणि पुरण्यासाठी तळ्याकाठच्या शेतात खड्डा तयार होता. मुरूम गावी दिलेल्या अक्काला सांगावा गेला होता. तिची बैलगाडी तेवढी यायची राहिली होती. एवढ्यात वारं फिरलं, तळ्याचं पाणी काळं दिसू लागलं. चुलते म्हणाले, "वहिनी, सांजच्या आत गारा येतात बघा. खड्ड्यात पाणी भरलं तर काय करावं?" आई म्हणाली, "लेकीला बापाचं तोंड तरी बघू द्या." "आभाळ थांबतंय व्हय कुणासाठी?" आम्ही घाईनं माती दिली. मग ढग डोंगरापलीकडं सरकले, थेंबही पडला नाही. अक्का गाडीतून उतरली तेव्हा लख्ख ऊन होतं. गारांच्या भीतीनं उरकलं, असं आईनं सांगितल्यावर तिनं एकदा वर पाहिलं आणि ती तिथंच खाली बसली. गेल्या महिन्यात अक्का गेली. तिची लेक लांबून यायची होती आणि लोक घाई करत होते. मी दारात खुर्ची टाकून बसलो, आणि ती येईपर्यंत उठलो नाही.